पहिली रिपॉझिटरी : काय वगळायचे ते आधी ठरवा

प्रश्न : मी प्रोग्रॅमिंग शिकत आहे. माझ्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एकाच फाइलच्या 'जुनी', 'नवी', 'अंतिम' अशा नावांच्या अनेक प्रती साठल्या आहेत. गिट वापरण्यासाठी आधी गिटहबवर खाते उघडावे लागते का, आणि चालू प्रकल्पाची रिपॉझिटरी कशी तयार करावी?

उत्तर : सुरुवातीला खात्याची मुळीच गरज नाही. गिट हा फाइलींमधील बदलांचा इतिहास ठेवणारा, तुमच्या स्वतःच्या संगणकावर चालणारा प्रोग्रॅम असून लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी तो २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कामासाठी लिहिला. गिटहब ही त्यानंतर सुरू झालेली, गिट रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा इतिहास, इंटरनेटवर ठेवण्याची सेवा आहे.

गिट इन्स्टॉल केल्यावर 'गिट कॉन्फिग' ही आज्ञा वापरून आपले नाव आणि ईमेल नोंदवावे. हा तपशील प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे इतिहासात नोंदवलेल्या प्रत्येक टप्प्यात, कायम राहतो, म्हणून पुढे रिपॉझिटरी सार्वजनिक करण्याचा विचार असेल तर कोणता ईमेल द्यायचा हे आताच ठरवलेले बरे. मग टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून) प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये जाऊन 'गिट इनिट' ही आज्ञा द्यावी. त्याने तेथे एक लपलेले फोल्डर तयार होते आणि पुढचा सगळा इतिहास त्यातच साठतो. ते पुसले तर सध्याच्या फाइली राहतील, पण इतिहास जाईल.

यानंतर बहुतेक जण लगेच सर्व फाइली 'गिट ॲड' करतात, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडतात. माझा आग्रह आहे की येथे थांबावे. पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी ऑनलाइन सेवा वापरण्याचा गुप्त संकेत) असलेल्या फाइली, डाउनलोड केलेल्या लायब्ररी आणि प्रोग्रॅम चालवल्यावर आपोआप तयार होणाऱ्या फाइली यांची नावे 'डॉट गिटइग्नोर' या फाइलमध्ये आधी लिहावीत, म्हणजे गिट त्या वगळेल. पासवर्ड एकदा कमिटमध्ये गेला की पुढच्या कमिटमध्ये ती फाइल काढून टाकली तरी जुन्या कमिटमधून तो कोणालाही वाचता येतो. शिवाय ज्या फाइलीचा माग गिट आधीपासून ठेवत आहे, तिचे नाव नंतर या यादीत घातल्याने काहीही फरक पडत नाही. अशी रिपॉझिटरी इंटरनेटवर गेलीच, तर इतिहास साफ करत बसण्याआधी पासवर्ड बदलावा किंवा ती की रद्द करावी.

तुमच्याकडील जुन्या प्रतींचा मात्र चांगला उपयोग होईल. त्या सगळ्या फोल्डरबाहेर हलवाव्यात, सर्वांत जुनी प्रत मूळ नावाने आत ठेवून पहिली कमिट करावी, मग त्याच फाइलीवर पुढची प्रत ठेवून दुसरी, अशा क्रमाने आजच्या प्रतीपर्यंत यावे. प्रत्येक वेळी 'गिट स्टेटस' ने कोणत्या फाइली बदलल्या ते पाहून, 'गिट ॲड' करून, काय बदलले आणि का, हे 'गिट कमिट' करताना संदेशात एका ओळीत लिहावे. 'बदल केले' एवढाच संदेश काही महिन्यांनी तुमच्या स्वतःच्याही उपयोगी पडत नाही.

हे सारे अजून एकाच संगणकावर आहे आणि डिस्क बिघडली तर इतिहासही जाईल, तेव्हा आता गिटहबवर खाते उघडावे. तेथे नवी रिपॉझिटरी करताना रीडमी (प्रकल्पाची ओळख देणारी) फाइल जोडण्याचा पर्याय निवडू नये. तिच्यामुळे तिकडे एक वेगळी कमिट तयार होते आणि तुमचा पहिला 'गिट पुश', म्हणजे कमिट तिकडे पाठवण्याची आज्ञा, नाकारला जातो. रिकाम्या रिपॉझिटरीचा पत्ता 'गिट रिमोट ॲड' ने जोडून पुश केल्यास सर्व कमिट क्रमाने तेथे पोहोचतात.