रोगाने अख्खी प्रजाती संपू शकते का?

प्राणी विरळ झाले की रोगही विझतो, मग त्याने प्रजाती नामशेष कशी होईल, असं तुमचं म्हणणं. एकाच प्रजातीत फिरणाऱ्या रोगाला हे बऱ्यापैकी लागू पडतं. अडचण येते ती रोगाला दुसरं घर असलं की.

इथिओपियन लांडगेच बघा. जगात ५०० सुद्धा उरलेले नाहीत. बाले पर्वतात गुराख्यांच्या कुत्र्यांमधून त्यांना रेबीज होतो. लांडगे कितीही घटले तरी कुत्रे आहेतच, म्हणजे रेबीजही आहे. म्हणून ऑक्सफर्ड विद्यापीठाशी जोडलेल्या संशोधकांनी २०१८ पासून बकरीच्या मांसात लसीची पुडी दडवून रात्री लांडग्यांच्या वाटेवर टाकायला सुरुवात केली. लांडग्याने मांस चावलं की पुडी फुटते, लस तोंडात. मला ही युक्ती फार आवडते.

टास्मानियन डेव्हिल या ऑस्ट्रेलियातल्या मांसाहारी प्राण्याची गोष्ट वेगळी. १९९६ मध्ये पहिल्यांदा दिसलेला त्यांचा चेहऱ्याचा कर्करोग चाव्यातून पसरतो, आणि विणीच्या काळात ते एकमेकांना चावतातच, संख्या कितीही असो.

बेडकांच्या कायट्रिड बुरशीने तर कित्येक प्रजाती खरंच संपवल्या. ती पाण्यातून पसरते, आणि काही जातींचे बेडूक स्वतः फारसे आजारी न पडता ती बाळगून असतात. ती कातडीवर वाढते, म्हणून ती आहे का हे बघायला अभ्यासक बेडकाच्या पोटावर, पावलांवर कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात. दर बेडकामागे हातमोजे नवे, नाहीतर बुरशी आपणच पुढच्याला द्यायचो!