चर्चच्या लैंगिकतेविषयीच्या शिकवणुकीशी असहमत असलेल्या फादरला चर्च लगेच काढून टाकतं का?

नाही, लगेच नाही. आधी शिकवायची परवानगी जाते, पुरोहितपद सहसा राहतं.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण अमेरिकेच्या फादर चार्ल्स करन यांचं. 1968 मध्ये पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमनाला मनाई करणारं परिपत्रक काढलं. करन यांनी दुसऱ्याच दिवशी विरोधाचं निवेदन काढलं, त्यावर पुढे सहाशेच्या वर अभ्यासकांनी सह्या केल्या. व्हॅटिकनने कारवाई केली ती थेट 1986 मध्ये! कॅथलिक विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवणं बंद झालं, पण ते फादरच राहिले. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातले फादर जॉन मॅकनील यांना मात्र समलैंगिकतेवरच्या मतांमुळे 1987 मध्ये संघातूनच बाहेर काढलं. त्याआधी त्यांनी वरिष्ठांच्या हुकमाने कित्येक वर्षं मौन पाळलं होतं, हे लोक विसरतात.

आता वारं थोडं बदललंय. मे 2021 मध्ये जर्मनीतल्या अनेक फादरांनी मनाई असूनही समलिंगी जोडप्यांना उघड आशीर्वाद दिले. डिसेंबर 2023 मध्ये रोमनेच, विवाहविधीसारखं न दिसणाऱ्या साध्या आशीर्वादाला मुभा दिली. विवाहाची शिकवण तीच.

आणि आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सला, म्हणजे फादर घडवणाऱ्या सेमिनरीत, शिकणाऱ्यांनी असं बोललं तर? त्यांना पुरोहितपदाची दीक्षा अजून मिळायचीच असते, म्हणजे त्यांच्या बिशपांना फार काही करावं लागत नाही. दीक्षा थांबवली की झालं. शिवाय फादरची बदली हा उपाय हाताशी असतोच. सदरच्या कॅथेड्रलमधून दूरच्या एखाद्या गावी.