आईची खालची दाढ अर्धी तुटली आहे, इम्प्लांट परवडत नाही. कमी खर्चात काय करता येईल?

दाढ काढून इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) करा, असं तुम्हाला तालुक्याच्या दवाखान्यात सांगितलं, आणि सोयाबीन निघेपर्यंत हातात पैसा नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी देवळी तालुक्यातला. घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या दातांसाठी वर्ध्याजवळच्या सावंगीच्या डेंटल कॉलेजला बऱ्याच चकरा झाल्यात, त्यावरून सांगतो.

आधी एक्स-रे काढून एवढंच विचारा: मूळ शाबूत आहे का? असेल तर दाढ काढू देऊ नका. रूट कॅनल (दाताच्या आतली खराब नस काढून साफ करून भरणं) आणि वर साध्या धातूची कॅप, म्हणजे दातावरचं टोपण, यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ नवा दात मिळत नाही. सिरॅमिकची कॅप दिसायला छान, पण महाग. मागच्या दाढेला धातूचीच बरी, तिच्यासाठी दाढ घासावीही कमी लागते. मात्र कॅप टाळू नका. रूट कॅनल झालं की दुखणं थांबतं आणि माणूस कॅपचं पुढं ढकलतो. मग पोखरलेली दाढ एखाद्या दिवशी भाकरीतल्या खड्यावर उभी चिरते आणि काढावीच लागते.

मूळच गेलं असेल तर सगळ्यात कमी खर्चाचा म्हणजे काढता-घालता येणारा अ‍ॅक्रिलिकचा दात. सुरुवातीला टोचतो, रात्री काढून पाण्यात ठेवावा लागतो, पण काम भागतं. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला दात, पक्का बसतो, मात्र त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. इम्प्लांटचा स्क्रू हाडात धरायलाच साधारण 3 ते 6 महिने जातात, त्यामुळे त्याची घाई तशीही नाही. आणि ती अगदी शेवटची दाढ असेल, तर काढल्यावर तिथे दात बसवायची गरज आहे का, हेही विचारा. बरेचदा नसते.

कुठे जायचं? नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं डेंटल कॉलेज, अमरावतीलाही एक आहे. काम शिकणारी मुलंमुली करतात म्हणून घाबरू नका, प्रत्येक टप्पा सर-मॅडम तपासतात. वेळ जास्त जातो, पैसे खाजगीपेक्षा खूप कमी लागतात. एकूण किती चकरा पडतील ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या, म्हणजे मजुरीचे दिवस धरता येतील. एसटीत आईचं तिकीट अर्धंच लागेल. शुगर, बीपी किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दाखवा. तंबाखू-खर्रा असेल तर तेही लपवू नका. खर्र्यानं तोंड उघडणं कमी झालं असेल तर मागच्या दाढेचं काम अवघड होतं.

एक कळकळीची विनंती, आठवडी बाजारात दात लावून देणाऱ्याकडे आईला नेऊ नका. आमच्या मोठ्या बाबांनी तिथे समोरचा दात लावून घेतला होता. शेजारच्या दातांना तार गुंडाळून वर प्लास्टिकचा लगदा थापलेला, हिरडीला चिकटून. ब्रश आत जाईना, अन्न सडायचं, तोंडाला वास. सावंगीला तो काढला तेव्हा खालची हिरडी काळीनिळी झाली होती आणि ज्यांना तार बांधली ते दोन चांगले दात हलायला लागले होते.

दाढ काढायला हो म्हणण्याआधी एक्स-रे घेऊन एकदा कॉलेजला दाखवा. गाल सुजला, ताप आला किंवा तोंड उघडेना झालं, तर मात्र सोयाबीनची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या.