दिसायला एक, सीओआयमध्ये १४ टक्के फरक: खोल समुद्रातल्या खवलेवाल्या पॉलिकीटांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: सुमारे ४,००० मीटर खोलीवर स्लेजच्या (समुद्रतळावरून ओढायच्या जाळीच्या) एकाच फेरीत मिळालेले खवलेवाले पॉलिकीट, म्हणजे पॉलिनॉइड कुळातले समुद्री वलयी कृमी, सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखे, पण प्रजाती ओळखायला वापरतात त्या मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकात दोन गट पडतात आणि त्यांच्यात १४ टक्के अंतर. दोन प्रजाती म्हणायच्या का?

बहुधा हो. पण आधी तो फरक खरा आहे ना, ते तपासा. सीओआयच्या ६५८ बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) तुकड्याचं अपृष्ठवंशी मायटोकॉन्ड्रियाच्या संकेतावलीने प्रथिनात भाषांतर करा. मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारा संकेत) आला, तर बहुधा केंद्रकात शिरलेली जनुकाची जुनी प्रत हाती लागली आहे, ती काढून टाका. दुसरी गफलत पोटातली. हे प्राणी शिकारी, बरेचदा इतर कृमीच खातात; धडाच्या मधला तुकडा घेतला तर पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढताना) भक्ष्याच्याच डीएनएच्या प्रती निघतात. मागच्या टोकाचे एक-दोन पॅरापोडिया (बाजूचे पायासारखे अवयव) पुरतात, शिवाय ओळखीसाठी लागणारं डोकं शाबूत राहतं. सीओआयच्या प्रती काढायला नेहमी वापरले जाणारे फोल्मर प्राइमर (प्रत सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) पॉलिकीटांमध्ये बरेचदा दगा देतात. अशा वेळी अॅनिलिंगचं (प्राइमर डीएनएला चिकटण्याचं) तापमान ४५ अंशांच्या आसपास आणून बघा, नाहीच जमलं तर १६एस हे मायटोकॉन्ड्रियातलंच दुसरं जनुक घ्या. नमुने फॉर्मालिनमध्ये गेले असतील, तर मात्र यातलं फारसं काही साधत नाही. जहाजावरच ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल, २४ तासांनी ते बदलणं आणि मग उणे २० अंश, एवढं पाळलंच पाहिजे.

सीओआय फक्त आईकडून येतो, म्हणून निकाल केंद्रकातल्या जनुकावर. आयटीएस हा केंद्रकातल्या डीएनएचा भरभर बदलणारा भाग घ्या; केंद्रकातलाच २८एस इतका सावकाश बदलतो की त्यात फरक दिसला नाही म्हणून ‘एकच प्रजाती’ असं ठरत नाही. तुमचे दोन्ही गट एकाच फेरीतले आहेत, ही फार मोलाची गोष्ट. त्यांच्यात संकर होत असता, तर आयटीएसच्या प्रती मिसळलेल्या दिसल्या असत्या. ‘अ’ गटातल्या सगळ्यांत एक प्रकार, ‘ब’ गटात दुसरा आणि दोन्ही प्रती असलेला एकही प्राणी नाही, असं दिसलं की प्रश्न मिटला. त्यासाठी गटागणिक दोन नमुने अपुरे, आठ-दहा तरी हवेत. हेच गट हजार किलोमीटरवरून आलेले असते तर मधल्या भागाचे नमुने नसताना काहीच म्हणता आलं नसतं. डीएनएतल्या अंतरांवरून गट पाडणारं एएसएपीसारखं सॉफ्टवेअर प्रजातींच्या सीमा सुचवतं, सिद्ध करत नाही. लोक हे सोयीस्करपणे विसरतात.

मग पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे या, आता गट माहीत असताना. खवले जाळीतच गळून पडतात, म्हणून ते ज्या उंचवट्यांवर बसतात ते मोजा. सुटे खवले मिळाले तर कडेच्या पॅपिला (बारीक उंचवटे) बघा. पॅरापोडियांवरच्या ताठ केसांची टोकं आणि त्यांवरचे दाते स्लाइडवर तपासा. रंगावर विसंबू नका: पेइनालिओपॉलिनोई ऑर्फने या २०२० साली वर्णन झालेल्या प्रजातीत गुलाबीपासून निळ्यापर्यंत छटा आहेत, पण जनुकं एकच. अल्कोहोलमध्ये रंग उडतोही, म्हणून जिवंतपणीचा फोटो हवाच.

नावाचं दुखणं वेगळं. चॅलेंजर या एकोणिसाव्या शतकातल्या समुद्र-संशोधन मोहिमेतल्या पॉलिकीटांवरचा मॅकिंटॉश यांचा अहवाल १८८५ चा; अशी जुनी नावं पुढे दूरदूरच्या समुद्रांतल्या नमुन्यांनाही चिकटवली गेली. दोनपैकी जुनं नाव कोणाला, हे मूळ नमुना जिथला, तिथल्या ताज्या प्राण्याचा डीएनए-क्रम मिळाल्याशिवाय ठरवू नका. तोवर दोघांच्या नावात ‘सीएफ.’ (‘याच्याशी ताडून पाहा’, म्हणजे ओळख पक्की नाही) लावा आणि प्रत्येक क्रमासोबत संग्रहालयातला नमुना क्रमांक नोंदवा.