कन्कशननंतर (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला हादरा) भाऊ नीट बोलतो, तरी डॉक्टरांनी स्पीच थेरपी सांगितली आहे. खरंच गरज असते का? किती दिवस लागतात?

"तोंड तर चालतंय तुझं, मग बोलायची थेरपी कशाला?" असं आमच्या मोठ्या दिरांनी माझ्या मिस्टरांना भरल्या घरात विचारलं होतं. म्हणून लिहितेय.

पावसात स्कूटर घसरली. हेल्मेट होतं, सीटी स्कॅनही नॉर्मल. पण सीटीत रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं. कन्कशनने मेंदूच्या कामात झालेला बिघाड दिसत नाही. आमचं किराणा दुकान. महिना उलटला तरी गिऱ्हाइकाने "अर्धा किलो साखर, जिरं, एक साबण" म्हटलं की साखर बांधून व्हायची आणि हे पुडी हातात धरून तसेच उभे. पुढचं पुसलेलं. एकदा बरणी समोर असून 'जायफळ' शब्द येईना, डोळे भरून आले त्यांचे. दीर म्हणाले, अंग चोरतोय.

थेरपिस्टबाईंनी उच्चारांचे व्यायाम दिलेच नाहीत. दुकानातल्या याद्या मागवल्या. तीन जिन्नस ऐकायचे, मोठ्याने परत म्हणायचे, लिहायचे, मगच मालाला हात. जमलं की पाच. शब्द अडला तर वस्तूचं वर्णन करायचं: "श्रीखंडात किसून घालतात ते." बऱ्याचदा पाठोपाठ 'जायफळ' यायचंच. दुकानातला रेडिओ बंद, एका वेळी एकच गिऱ्हाईक, वीस मिनिटांनी आत जाऊन बसायचं, तेही डोकं जड व्हायच्या आधी. लक्ष, स्मरण, शब्द सुचणं, ऐकलेलं धरून ठेवणं, हे सगळं स्पीच थेरपिस्टच्याच कामात येतं. नुसतं तोतरेपण नाही.

आम्हाला अडीच महिने लागले. दिवाळीच्या गर्दीत त्यांनी अख्खी यादी एकट्याने बांधली. दीर तिथेच होते, अवाक्षर बोलले नाहीत.

हो, बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरं वाटतं, थेरपी लागतही नाही. थेरपिस्ट आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणीकृत आहे का ते बघा. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटका (फिट) किंवा गुंगी असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.

आणि घरात कोणी "बोलतोय की" म्हणत असेल, तर त्याला एकदा सोबत न्या. मी दिरांना नेलं नाही, ते अजून सलतं.