हरताळ पाळतात तो वेगळा, फासतात तो वेगळा

‘नियमांना हरताळ फासला’ यातला हरताळ म्हणजे संप का, असा प्रश्न आहे. नाही! दुकानं बंद ठेवायचा हरताळ गुजराती ‘हडताळ’वरून आला: हाट म्हणजे बाजार, त्याला ताळं, म्हणजे कुलूप. तो पुकारतात, पाळतात; ६ एप्रिल १९१९ रोजी देशभर पाळला तो हाच. बंद कधी कुणी फासलाय का?

फासायचा तो संस्कृत ‘हरिताल’: आर्सेनिक आणि गंधकाचं पिवळंधमक खनिज. ते विषारी, म्हणून फासणे म्हणजे मारून टाकणे, असं काही जण ठासून सांगतात. मग ‘पाजणे’ का नाही म्हणत? विषाचा उपयोग एवढाच की हरताळ लावलेल्या जागेला कसर, म्हणजे पोथ्या खाणारी कीड, तोंड लावत नाही.

माझ्या मते हा वाक्प्रचार थेट लेखणीखालून आलेला आहे. चुकलेलं अक्षर झाकायला लेखनिक सगळेच हरताळ वापरत, पण त्याची कृती नीट सांगितली जैन साधू आणि पोथ्यांचे अभ्यासक मुनी पुण्यविजयजींनी, गुजरात-राजस्थानातल्या जैन ग्रंथभांडारांतल्या पोथ्या हाताळून. दगडी नव्हे, वरखासारखे पापुद्रे सुटणारा हरताळ घ्यायचा. कुटून वस्त्रगाळ करायचा, खलात पुन्हा घोटायचा, बाभळीच्या डिंकाचं पाणी थोडंथोडं घालत राहायचं. डिंक कमी पडला तर वाळल्यावर बोटाला पिवळं लागतं. चुकीच्या अक्षरावर हात फिरवला की कागद न खरवडता अक्षर झाकलं जातं, आणि पिवळसर कागदावर डागही फारसा दिसत नाही. वाळलं की वरून शुद्ध पाठ लिहायचा.

या जैन साधूंना शोधनाचं वेड होतं. प्रभाचंद्रसूरींनी विक्रम संवत १३३४मध्ये ‘प्रभावकचरित’ हा जैन आचार्यांच्या चरित्रांचा ग्रंथ पुरा केला, तो प्रद्युम्नसूरींनी शोधला, हे ग्रंथातच नोंदलेलं आहे. शोधला म्हणजे हुडकला नव्हे, शुद्ध केला. अंगग्रंथ म्हणजे जैनांचे मूळ धर्मग्रंथ; त्यांवरच्या अभयदेवसूरींच्या टीकाही गुजरातेतल्या पाटणला द्रोणाचार्य नावाच्या जैन आचार्यांनी अशाच शोधल्या. आपलं ‘संशोधन’ मुळात हेच, पण ते असो.

त्यांचा हरताळ चुकीवर बसे. आपण तो नियमांना, तत्त्वांना, म्हणजे बरोबर मजकुराला फासतो. ‘तोंडाला काळं फासलं’ तसंच ‘नियमाला हरताळ फासला’, ज्याला फासायचं त्याला ‘ला’. गाळलेल्या अक्षराला मात्र हरताळ चालत नाही. तिथे ओळीत हंसपद, म्हणजे अक्षर सुटल्याची खूण, द्यायचं आणि अक्षर समासात लिहायचं.