मेंदूच्या ऑपरेशननंतर हायपरबेरिक ऑक्सिजन घ्यावा का?

ठाण्याहून तुम्ही विचारलंय: बाबांच्या मेंदूतली गाठ काढल्यावर कवटीच्या हाडात जंतुसंसर्ग झालाय, उजव्या हातातही जोर नाही, आणि वाशीच्या एका केंद्राने या ऑक्सिजनची ४० सेशन सांगितलीत.

हाडासाठी जरूर विचार करा. हातासाठी मी यावर पैसे घालणार नाही, तिथे फिजिओथेरपीच. हाडाचा तो तुकडा कापून परत बसवलेला, त्याला रक्तपुरवठा जेमतेम. हायपरबेरिक म्हणजे बंद चेंबरमध्ये जास्त दाबाखाली. तसा शुद्ध ऑक्सिजन घेतला की तो रक्तद्रवात कितीतरी पट जास्त विरघळतो आणि अशा कोपऱ्यापर्यंत पोचतो. पण पू काढणं, कल्चरप्रमाणे (पुवातला जंतू ओळखण्याची तपासणी) अँटिबायोटिक, गरज पडल्यास हाडच काढणं, हे आधी. ऑक्सिजन फक्त जोडीला.

सुरू करण्यापूर्वी ताजा सीटी स्कॅन हवाच. ऑपरेशननंतर कवटीत हवा अडकून राहू शकते. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं, म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी, गळत असेल तर लगेच सर्जनला सांगा, कारण चेंबरमध्ये दाब वाढताना त्याच वाटेने हवा आत शिरते. अडीच वातावरण दाबाला (नेहमीच्या हवेच्या अडीच पट) शिरलेली १० मिली हवा बाहेर पडेपर्यंत २५ मिली होते, आणि कवटी काही फुगत नाही! छातीचा एक्स-रेही बघून घ्या. फुफ्फुसाबाहेर हवा साठली असेल तर चेंबरमध्ये जायचंच नाही.

दुसरी भीती फिट्सची. जास्त दाबाचा ऑक्सिजन स्वतःच झटका आणू शकतो, म्हणून फिटची गोळी चुकवायची नाही, ताप असेल त्या दिवशी सेशन नाही, आणि मध्ये ५-५ मिनिटं साधी हवा देतात का ते विचारा. आत झटका आलाच तर तो थांबेपर्यंत दाब उतरवत नाहीत; श्वास कोंडलेला असतो, फुफ्फुस फाटेल.

शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी) बसवला असेल तर त्याचा व्हॉल्व्ह किती दाब सोसतो हे कंपनीकडून लेखी घ्या. गळ्यात ट्रॅकिओस्टोमी (श्वासासाठी बसवलेली नळी) असेल तर तिच्या कफमध्ये, म्हणजे नळीभोवतीच्या फुग्यात, हवेऐवजी सलाईन भरतात. मधुमेह असेल तर आत जाण्याआधी साखर तपासा, ती आत घसरते. कपडे सुती, मोबाईल बाहेर, डोक्याला खोबरेल अजिबात नको, आगीचा धोका असतो.

सेशन साधारण दीड तासाचं, २ ते २.५ वातावरण दाबाचं, आठवड्यातून ५ दिवस. १.३ दाबाची, आत झोपायची फुगवलेली कापडी पिशवी म्हणजे ही थेरपी नव्हे. चाळीसचे पैसे आगाऊ भरू नका. २० झाल्यावर जखम सर्जनला दाखवून पुढचं ठरवा. आणि वेळ दुपारची मागा, सकाळच्या ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत ते डोकं नेऊ नका.